मिरची किती दाबायची

पहूर, ता. जामनेर
१७ जानेवारी १९९९

चि. विशाखास आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या कुंदाबाईच्या हातचं आहे. ती अंगणवाडीत शिकवते. तिचं अक्षर गोल आहे असं सगळे सांगतात. मला तर बाराखडीतली सगळीच अक्षरं गोल दिसतात, तेव्हा मी काय बोलणार. आजवर तुझी आई लिहायची, पण ती लिहिताना सुधारून घेते. मी सांगते, ‘तुझा बाप दोन दिवस फुगून बसलाय,’ आणि ती लिहिते, ‘ह्यांची प्रकृती उत्तम आहे.’ म्हणून माणूस बदलला.

फोनचं म्हणशील, तर किराणा दुकानातल्या एसटीडीवर बोलायचं म्हणजे अर्ध्या बाजारपेठेला ऐकवायचं. त्यात मला पलीकडचं ऐकू येत नाही, फक्त माझंच ऐकू येतं. ते मी घरी बसून फुकट ऐकते.

तू धुळ्याला करतेस काय, ते नीट लिही. इथे लोक विचारतात. तुझा बाप गुलाब सांगतो, कॉम्प्युटरवर बसते. अरे, बसते म्हणजे काय करते? कोंबडीही बसते, पण तिच्या बसण्यातून अंडं निघतं.

लिलाच्या नवऱ्याची बदली होणार आहे. मग लिलाआत्याच्या घरातून तुला उठावं लागेल. तुझ्या बापाला त्याचाच घोर लागलाय. सध्या तो भाकरी खातो पण चावत नाही.

जेवत जा. आत्याला नमस्कार सांग.

तुझी आजी
द्रौपदाबाई

(विशाखा, मी कुंदाताई. आजी बोलतात फार. दर वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावतात. अंतर्देशीय पत्रात एवढं मावत नाही. म्हणून ‘म्हणे’ मी गाळते आणि मुद्द्याचं तेवढं ठेवते. राग मानू नये.)


धुळे
२८ जानेवारी १९९९

ती. आजीस विशाखाचा सप्रेम जयभीम.

आत्याकडे सगळे बरे आहेत. बदलीचं तुला आमच्याआधी कळलं म्हणायचं. आत्याच्या घरात अजून नुसती कुजबुज आहे, मामांच्या हातात कागद आलेला नाही. तू एवढ्या खात्रीनं लिहिलंस की आत्या घाबरून डबे मोजायला लागली.

आता मी बसून काय करते ते सांगते. पारोळा रोडला देवचंद सरांचं कॉम्प्युटर सेंटर आहे. सकाळी मी मुलांना टायपिंग शिकवते. दुपारी नवं काम. दोंडाईच्याचे एक मिरचीचे व्यापारी आहेत, रुपचंद शेठ. त्यांना इंटरनेटवर पान हवंय. पान म्हणजे दुकानाची पाटी समज, फक्त ती दुबईतला गिऱ्हाईक त्याच्या टेबलावर बसून बघतो. पाटीवर शेठचं नाव, पत्ता आणि मिरचीचा फोटो. वाळत घातलेल्या मिरचीचं अख्खं पटांगण आहे त्यात.

अडचण अशी की हे सगळं फोनच्या तारेतून जातं. तार बारीक आणि फोटो जाड. पूर्ण फोटो सोडला तर दुबईच्या माणसाचा चहा पिऊन होतो तरी मिरची अर्धीच आलेली असते. तो कंटाळून उठतो. म्हणून फोटो दाबायचा. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक सरकपट्टी असते, शंभरापासून शून्यापर्यंत. शंभरावर ठेवली तर फोटो सुरेख पण जड. दहावर आणली तर हलका, पण चौकोनी ठिगळं पडतात, गोधडीसारखी. मधे कुठे थांबायचं ते मी ठरवायचं. दिवसभर मी हेच करते. पट्टी सरकवते आणि बघते.

दाबताना मशीन काही भाग टाकून देतं. डोळ्याला फारसा कळणार नाही असा. चार ठिपके साधारण सारखे लाल असतील तर चौघांना एकच लाल देऊन मोकळं होतं. कुंदाताई, तुम्ही ‘म्हणे’ गाळता ते अगदी तसंच आहे. सारखं सारखं येतं ते आधी काढायचं. फार बरं करता. तुम्हाला कोणी शिकवलं?

आजी, एक गोष्ट तुझ्या लेकाला, आबांना, अजून सांगू नकोस. हे पान शेठना पसंत पडलं तर सर मला कायम करणार आहेत. म्हणजे माझी स्वतःची नोकरी. आबांना अजून वाटतं मी कोर्सच करतेय.

तुझी
विशाखा


पहूर
९ फेब्रुवारी १९९९

चि. विशाखास आजीचा जयभीम.

पत्र कुंदाबाईने वाचून दाखवलं. तुझं काम समजलं. फोटो चेपायचा, पण फोटोला कळता कामा नये. सासरी नांदण्यासारखंच आहे.

मिरचीचं मला शिकवू नको. माझं माहेर शिंदखेडा. मिरची आम्हीही दाबायचो, पण उन्हात. अंगणभर पसरलेली असायची, वाळली की पोत्यात मावायची. जागा कमी लागायची आणि झणका वाढायचा. तुझ्या मशीनचं उलटंच दिसतं. पसारा कमी होतो आणि मिरचीची भेंडी होते. शेठला सांग, फोटो कशाला पाठवतोस, चिमूटभर पूड लिफाफ्यात घालून पाठव. दुबईचा माणूस शिंकला की सौदा झाला.

गुलाबने कापसाच्या जिनमध्ये वजनकाट्यावर सगळ्यांना सांगितलं की त्याची मुलगी दुबईचं काम करते. दुपारपर्यंत ते ‘दुबईला काम करते’ असं झालं. मी सुधारलं नाही. चार दिवस त्याची मान ताठ राहिली तर बिघडलं कुठे.

एक स्थळ आलंय. मुलगा चाळीसगावचा आहे, रेल्वेत आहे. स्थळ चांगलं आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. माणसं मोठ्या मनाची आहेत. मुलीने नोकरी केलेली त्यांना चालत नाही, पण शिकलेली हवी.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. त्या डोळ्याची पट्टी दहावर आलीय असं समज. उजवा अजून साठावर आहे.

तुझी आजी
द्रौपदाबाई

(जागा संपली. आजींचं अजून पुष्कळ होतं. त्यातलं मुद्द्याचं वर आलं आहे. — कुंदाताई)


धुळे
२५ फेब्रुवारी १९९९

ती. आजीस विशाखाचा सप्रेम जयभीम.

मिरचीनं छळलंय. दुसरा कुठलाही रंग दाबला तर मुकाट्यानं दबतो. लाल दबत नाही, फुटतो. कडेनं वाहायला लागतो. चाळिसावर आणला तर मिरच्या वेगळ्या दिसेनात, पटांगणावर तांबडा चिखल पसरलाय असं वाटायला लागलं. शेठ सेंटरवर आले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘पोरी, ही मिरची भिजलेली दिसते. भिजलेल्या मिरचीला बुरशी लागते. हा फोटो बघून कोणी मला मिरची दिली तर मीसुद्धा घेणार नाही.’ सरांनी नुसता चष्मा पुसला. सर चष्मा पुसतात तेव्हा जास्त भीती वाटते.

त्यात एक चूक झाली. दाबलेला फोटो मी मूळ फोटोच्याच नावानं ठेवला. त्यामुळे मूळ गेला आणि त्याच्या जागी दाबलेला बसला. वाटलं, पट्टी परत शंभरावर नेली की सगळं येईल. नाही येत. मशीननं एकदा टाकलेलं त्याच्यापाशी राहतच नाही. चिखल शंभरावर नेला तर शंभर नंबरी चिखल मिळतो. मग दोंडाईच्याला निरोप धाडून शेठच्या घरच्या अल्बममधून फोटो परत मागवला आणि पहिल्यापासून स्कॅन केला.

आता दुसरं. मामांच्या बदलीचा कागद आला. नंदुरबार. एप्रिलच्या मध्यावर सामान हलणार. त्यानंतर मला खोली घेऊन राहावं लागेल. मी आत्याच्या फोनवरून जिनमध्ये आबांशी बोलले. ते फक्त ‘बघू’ म्हणाले. त्यांचं ‘बघू’ कसं असतं तुला माहीत आहे.

तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. चाळीसगावचं स्थळ तुला चांगलं वाटतं? नोकरी न चालणारी माणसं तुला मोठ्या मनाची वाटतात? मला दहावीनंतर जळगावला पाठवायचं की नाही यावरून घरात भांडण झालं, तेव्हा माझी बाजू घेऊन तू आबांना काय म्हणाली होतीस ते मी विसरले नाही.

म्हणून तुलाच विचारते. आई बोलणार नाही, आबांशी मला बोलता येत नाही. तू सांगशील तसं करीन. राहा म्हणालीस तर आबांचा राग सोसून राहीन. ये म्हणालीस तर येईन. पण तू सांग.

तुझी
विशाखा


(पोस्टकार्ड)
पहूर
१२ मार्च १९९९

चि. विशाखास आजीचा जयभीम. पत्र पोचलं. पोस्टात अंतर्देशीय संपली आहेत म्हणून कार्ड टाकत आहे. नोकरी सोडून दे. जयंतीला घरी ये आणि परत जाऊ नको. मुलीच्या जातीनं खोली घेऊन एकटं राहणं बरं दिसत नाही. चाळीसगावचे पाहुणे त्याच आठवड्यात येतील. लग्न झालं तरी शिकलेलं वाया जात नाही. सर्वजण खुशाल आहेत. कळावे.

द्रौपदाबाई
द. कुंदाबाई


धुळे
१९ मार्च १९९९

ती. आजीस विशाखाचा जयभीम.

कार्ड मिळालं. आत्याच्या शेजारणीनं आधी वाचलं आणि मग आणून दिलं. त्यामुळे वाड्यातल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं.

तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही असं लिहिलं होतं, जात नाही. काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘महिनाअखेरपर्यंत विचार कर. एक तारखेला मला दुसरं कोणी बघावं लागेल.’ मी म्हटलं, विचार झालाय.

पान पूर्ण झालं हे तुला कळवायला हवं. अख्खं पटांगण घेण्याचा हट्ट सोडला. फोटो कापला आणि एका बाईच्या ओंजळीतली मिरची तेवढी ठेवली. लहान झाल्यावर तो फार दाबायची गरजच उरली नाही. साठावर ठेवला. देठ दिसतात, सुरकुत्या दिसतात. शेठचं नाव वेगळं काढून जिफ नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत ठेवलं, कारण अक्षरं फोटोच्या जेपीजी फाइलीत ठेवली की त्यांच्याभोवती माशा बसल्यासारखे ठिपके येतात. नाशिकला शेठच्या भाच्यानं त्याच्या ऑफिसात उघडून बघितलं. पान चटकन आलं. शेठ फोनवर सरांना म्हणाले, ‘आता ही माझी मिरची.’ सरांनी ते मला दोनदा सांगितलं. मी कायम झाले असते.

तुझं कार्ड मी बऱ्याचदा वाचलं. त्यात एकही टोमणा नाही. तू टोमणा न मारता बोलतेस याचा अर्थ तू खरंच ठरवलंयस, असं मी धरलं. वाईट वाटलं ते एवढंच, की तू ‘मुलीच्या जातीनं’ असं लिहिलंस. हे शब्द मी आबांच्या तोंडी ऐकले आहेत. तुझ्या तोंडी कधी नाही.

चौदा एप्रिलच्या आत येते. सामान फार नाही.

विशाखा


पहूर
२३ मार्च १९९९

विशाखास.

मी कुंदाबाई. आजींनी आज्ञा केली आहे की त्या बोलतील ते तसंच्या तसं लिहायचं, सुधारायचं नाही, गाळायचं नाही, आणि त्यांना दर थोड्या वेळानं वाचून दाखवायचं. झिपरू पोस्टमन मुद्दाम समोर बसवला आहे. त्यालाही वाचता येतं. पाकीट आणि फुलस्केप कागद आजींनी मागवले आहेत. आता पुढचं सगळं त्यांचं.

इशाखा, तुना बापनं डोकं फिरनं ते फिरनं, मना डोकाले काय झालंय का? मी कधी म्हटलं नोकरी सोड? कुंदे, लिहिलंस? लिही. ‘इशाखा’च लिही, मी तसंच म्हणते.

काल ही कुंदा तुझं पत्र वाचायला बसली. ‘तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही’ इथपर्यंत आली. मी म्हटलं, कोणता शब्द गं? ती म्हणाली, आजी, तुम्हीच सांगितला होता, नोकरी सोडून दे. मी म्हटलं, मी? ती म्हणाली, हो, चुलीपाशी बसून. मी म्हटलं, मी काय म्हटलं ते म्हणून दाखव. ती म्हणाली, नोकरी सोडून दे, जयंतीला घरी ये. मी म्हटलं, आणि पुढे? ती म्हणाली, पुढे काही नाही, नुसतं म्हणे.

नुसतं म्हणे! अगं, मी म्हटलं होतं, ‘नोकरी सोडी दे म्हने. जयंतीले घर ये म्हने, अन परत जावानं नाही म्हने.’ तुझा बाप ओसरीवर बसून असं असं म्हणतो, ते तुला कळावं म्हणून मी सांगत होते. मुलीच्या जातीनं एकटं राहू नये म्हणे. तुझ्या बापाचं म्हणे. चाळीसगावची माणसं मोठ्या मनाची आहेत म्हणे. तुझ्या बापाला त्या मध्यस्थानं सांगितलं म्हणे. मुलगा निर्व्यसनी आहे म्हणे. मी काय त्याचं तोंड हुंगायला गेले होते? लिलाच्या नवऱ्याची बदली होणार म्हणे, तेही बाजारात ऐकलेलं. ते खरं निघालं ते निघालं.

(आजी, मी तुम्हाला म्हटलं ना, तुम्ही सगळ्याच वाक्यांत म्हणे म्हणता. मला वाटलं सवय आहे.)

हे पण लिहिलंस? बरं केलंस. मग माझंही लिही. मी सगळ्यात म्हणे म्हणते, कारण सगळं दुसऱ्याचंच सांगते. मला वाचता येत नाही, मी गावाबाहेर जात नाही, माझ्यापाशी जे येतं ते कोणाच्या तरी तोंडूनच येतं. ज्याचं तोंड त्याच्या पदरात टाकायला नको का? माझं स्वतःचं सांगते तेव्हा म्हणे म्हणत नाही. कोंबडीचं बोलले तेव्हा म्हटलं का?

झिपरू हसतोय. हसू दे. तो म्हणतो, आजी, कार्डावर जागा कमी असते. मी त्याला म्हटलं, मग तुमच्या सरकारनं मोठी कार्डं काढावी.

कुंदेचा राग धरू नको. तिनं कालपासून तोंडात पाणी घेतलं नाही. तिला वाटलं ती चांगलंच करतेय, आणि तूही तिला तसंच कळवलं होतंस, फार बरं करता म्हणून. तुम्ही दोघी शिकलेल्या, मी मधली अडाणी, त्यामुळे तुमचं जमलं. कुंदे, रडू नको, कागद ओला होईल. पुढे लिही.

कार्डावर जे आलंच नाही ते आता सांगते. तेव्हाही सांगितलं होतं. बापाचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं होतं, ‘हे त्याचं. माझं विचारशील तर राहा तिथंच.’

(हे खरं आहे. हे वाक्य आलं तेव्हा कार्ड भरून गेलं होतं. मी ‘कळावे’ आधीच लिहून टाकलं होतं. मला वाटलं घरात ठरलंच आहे तर हे लिहून मुलीच्या मनाचे दोन भाग कशाला करायचे. — कुंदा)

ऐकलंस? घरात ठरलंय हे कुंदेनं ठरवलं. जाऊ दे.

तर तुझं पत्र ऐकून झाल्यावर मी गुलाबची वाट बघत बसले. तो जिनमधून आला, कापूस अंगावर घेऊन. मी म्हटलं, गुलाब, इकडे बस. पोरीनं नोकरी सोडली.

तो म्हणाला, ‘बरं केलं.’

मी म्हटलं, ‘ती कायम झाली होती. पानाचं काम फत्ते केलं तिनं. दोंडाईच्याचा शेठ खूश, मास्तर खूश.’

त्यानं दंडावरचा कापूस झटकला. मग म्हणाला, ‘कायम म्हणजे कायम?’

मी म्हटलं, ‘तू वजनकाट्यावर इतकी वर्षं आहेस. तू कायम आहेस का?’

‘माय, तो विषय वेगळा.’

‘वेगळा कसा? तुझ्या घरातलं एक माणूस पहिल्यांदा कायम होत होतं, आणि तू म्हणतोस बरं केलं.’

तो म्हणाला, ‘माय, मी नोकरीला नाही म्हणत नाही. एकटी पोरगी परगावी खोली घेऊन राहील, उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. तुला नाही विचारणार.’

आता हे त्याचं बरोबर आहे, इशाखा. तुला राग येईल, पण ऐक. तो वाईट नाही, तो भितो. त्याला कोणी कधी कायम केलं नाही, म्हणून कायम राहतं असं काही त्याला माहीतच नाही. मी त्याला म्हटलं, ‘म्हणजे नोकरीला तुझं नाही म्हणणं नाही. एकटीला आहे.’

‘हो.’

‘नक्की? नंतर फिरशील.’

‘नाही फिरत.’

मी म्हटलं, ‘मग मी जाते.’

‘कुठे?’

‘धुळ्याला. तिच्याजवळ राहते. मग ती एकटी नाही आणि तुला कोणी विचारायला नको.’

तो हसला. मी नाही हसले. मग त्याचं हसू पुसलं. म्हणाला, ‘तुला तिथे करमायचं नाही. तुला तिथलं कोण ओळखतं?’ मी म्हटलं, ‘इथले सगळे ओळखतात, त्याचा मला कुठे उपयोग झाला?’ म्हणाला, ‘तुझा डोळा?’ मी म्हटलं, ‘धुळ्याला मोठा सरकारी दवाखाना आहे. पहूरला डोळा दाखवायचा तर तो मलाच दाखवावा लागतो.’ म्हणाला, ‘आणि चाळीसगावचे पाहुणे?’ मी म्हटलं, ‘त्यांना धुळ्याचा पत्ता दे. चाळीसगावहून धुळे जवळ. पोरगी कामावर असेल, तिथे जाऊन बघतील. कामावरची मुलगी बघवली नाही तर वाटेत चहा पिऊन परत जातील.’

तुझी आई इतका वेळ चुलीपाशी होती. भाकरी थापायची थांबली होती. उठली, आतून माझी दोन लुगडी काढली आणि खाटेवर ठेवली. तुझ्या बापानं ती लुगडी बघितली. मग हातपाय धुवायला मागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

सकाळी मला म्हणाला, ‘तिच्या सरांना कळवायला हवं ना, एक तारखेच्या आत?’ हे त्याचं शब्दशः आहे. यात म्हणे घालू नको.

तर असं कर. हे पत्र मिळालं की त्याच दिवशी मास्तरकडे जा आणि सांग की विचार झाला होता तो माझा नव्हता, कुंदाबाईचा होता. तो हसेल. हसलेला माणूस ऐकतो. तरी नाही ऐकलं तर मी येते आहेच. मग मी त्याच्या दुकानात येऊन बसेन, आणि मी किती बोलते ते कुंदेला विचार.

मी रविवारी निघते. जळगावला गाडी बदलायची आहे. गुलाब धुळ्यापर्यंत पोचवायला येणार आहे. बोचकं तोच उचलणार आहे, तोंड वाकडं करून का होईना. तेव्हा माझ्यासमोर त्याला काही बोलू नको. नंतर एकट्यात त्याला तुझं ते पान दाखव. मिरची बघितली की तो गप्प बसत नाही, भाव विचारतो.

खोली बघताना खालच्या मजल्यावरची बघ. जिना असेल तर घेऊ नको. माझे गुडघे शिड्या चढायच्या वयाचे नाहीत, आणि रोज खाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मला विचारायचं आहे की तू कुठला.

द्रौपदाबाई